वाघ्याला हाड द्यायचं, पण कोणतं?



आखाड तोंडावर आलाय. श्रावण लागायच्या आत घरोघरी मटणाचा बेत होणार. कुणाची नवसाची कंदुरी राहिली असेल, कुणाचा जावई यायचा असेल. जेवणं उरकली की ताटातली हाडं गोळा करून आपण दारातल्या कुत्र्यापुढे टाकतो आणि म्हणतो, तेवढंच मुक्या जिवाला. आजचं माझं बोलणं त्या ताटातल्या हाडांबद्दल आहे. बचत गटाच्या बाईनं हप्ते आणि व्याज सोडून कुत्र्याच्या हाडावर का बोलावं, असं वाटत असेल तर आधी आमच्या वस्तीवरची गोष्ट ऐका.

आमचा वाघ्या पस्तीस किलोचा गडी आहे. धाकट्या दिरांनी त्याला ढवळपुरीकडच्या एका मेंढपाळाकडून पिल्लू असताना आणला. चारी बाजूंनी ऊस, मधे आमची पाच घरं आणि गोठे. संध्याकाळ झाली की बिबट्याचं भय. वाघ्या भुंकला की बाया उठतात, बॅटऱ्या लागतात, शेळ्या वाचतात. त्यातल्या निम्म्या शेळ्या गटाच्या कर्जावर घेतलेल्या आहेत, म्हणजे वाघ्या एका अर्थाने आमच्या गटाचाच राखणदार.

दोन वर्षांपूर्वी घरी कंदुरी होती. शंभर पानं उठली. उरलेल्या हाडांचं घमेलं मीच वाघ्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तो शी करायला बसायचा, कुंथायचा आणि कळवळून उठायचा. आत्याबाई म्हणाल्या, "पोट धरलंय, तेल पाज." मी पाजलं. त्याला उलटीसारखं झालं, पण बाकी काही फरक पडला नाही. शेवटी गाडी करून त्याला नगरला नेलं. एक्स-रेमध्ये आतड्याच्या टोकाला हाडांच्या चुऱ्याचा अक्षरशः दगड बसलेला दिसला. भूल देऊन, पाण्याने सैल करून तो काढावा लागला. वाघ्या वाचला, पण गाडीभाडं धरून सहा हजारांवर खर्च गेला.

आणि तो चार रात्री वस्तीवर नव्हता. तिसऱ्या रात्री बिबट्या आला. शेजारच्या ताईंची गाभण शेळी गेली, जिचे सात हप्ते अजून बाकी होते. वन विभागाचा पंचनामा झाला, पुढे भरपाईही मिळाली. पण त्या ताई त्या सकाळी गोठ्यात ज्या जागी बसून राहिल्या होत्या, ती जागा मला अजून दिसते. घमेलं मी ठेवलं होतं.

तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "मग कुत्र्याला हाड द्यायचंच नाही का?" ते म्हणाले, "ताई, अजिबात न देणं सगळ्यात बिनधोक. पण तुमच्याकडे कुणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. द्यायचंच तर निवडून द्या." त्यानंतर मी त्यांच्याकडून, एका जुन्या मेंढपाळ बाबांकडून आणि आमच्या मटणवाल्या मामांकडून जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

शिजवलेलं हाड का नको

हाडात दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात. एक म्हणजे चुन्यासारखे क्षार, त्यानं हाडाला कडकपणा येतो. दुसरी म्हणजे कोलॅजन नावाचे चिवट धागे, त्यानं हाड थोडं लवतं, लगेच तुटत नाही. आपण बोकडाचे पाये कुकरला लावतो तेव्हा रस्सा गार झाल्यावर खरवसासारखा थिजतो ना? ते थिजणारं म्हणजे हेच धागे, शिजताना पाण्यात उतरलेले. ते निघून गेले की हाडात नुसता कडकपणा उरतो.

ओली फांदी वाकते, वाळलेली काटकी कडकन मोडते आणि तिचं टोक बोटात घुसतं. शिजलेलं हाड वाळल्या काटकीसारखं वागतं. कुत्र्याने चावलं की त्याच्या सुया होतात. त्या हिरडीत रुततात, घशात अडकतात, आतड्याला भोक पाडू शकतात. कोंबडीची हाडं पोकळ आणि पातळ, त्यामुळे शिजल्यावर ती सर्वांत वाईट. भाजलेलं, तळलेलं, वाफवलेलं, तंदुरीचं, कशाचंही असो, आगीवर गेलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नाही. मी जो नियम सांगणार आहे त्यातला हा पहिला, आणि एवढा एकच लक्षात राहिला तरी आजचं बोलणं कामी आलं.

ताटातल्या हाडांबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे रस्सा. त्यात कांदा, लसूण, मीठ, तिखट असतं. कांदा आणि लसूण जास्त प्रमाणात कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. म्हणून हाडं काढून रस्साभाकरी कालवून दिली, म्हणजे भागलं, असंही नाही.

मोठ्या कुत्र्याला मोठं हाड

आता कच्च्या हाडाकडे येऊ. कच्चं म्हणजे लगेच सुरक्षित, असं समजू नका. कच्चं हाडही घशात अडकतं, कच्चं हाडही दात मोडतं. म्हणून निवड महत्त्वाची.

मोठ्या कुत्र्याची खोड अशी की तो चावत बसत नाही, गिळतो. धनगरी कुत्रा असो, कारवानी असो, कुणाच्या बंगल्यावरचा लॅब्रॅडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड असो, समोर दुसरं कुत्रं दिसलं की हातातलं हाड आख्खं घशाखाली. मटणाच्या दुकानात भाजीसाठी जे लहान तुकडे करून देतात, ते बरोबर त्याच्या घशात अडकायच्या मापाचे असतात. म्हणून हाड त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं हवं. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत त्याचं तोंड जेवढं लांब, निदान तेवढं हाड. चावून चावून ते लहान झालं की उरलेला तुकडा काढून घ्यायचा. जीव तिथेच अडकतो, शेवटच्या तुकड्यात.

मटणवाल्याला काय सांगायचं

आमचे मामा पहिल्यांदा हसले होते. "ताई, कुत्र्याला काय चॉइस?" आता मी गेले की विचारतात, "वाघ्यासाठी ठेवू का?" तुम्ही दुकानात जाल तेव्हा असं सांगा.

बोकडाची किंवा मेंढीची मान मागा, न तोडलेली, आख्खी. मानेत लहान मणके एकमेकांत गुंतलेले असतात, मधे मांस आणि कुर्चा असते. कुत्र्याला ते ओरबाडत बसावं लागतं, वेळ जातो, दात घासले जातात. नाहीतर सीन्याचा भाग, म्हणजे छातीच्या बरगड्यांची आख्खी फळी मागा. एकेक सुटी बरगडी नको, मोठं कुत्रं ती मोडून गिळतं. फळीला मांस लागलेलं असू द्या, नुसतं कोरडं हाड नको. मांस असलं की कुत्रं आधी मांस सोलतं आणि हाडावर जोर कमी लावतं.

नळी मागू नका. पायाची हाडं जनावराचं सगळं वजन पेलतात, म्हणून ती सर्वांत कठीण असतात. बोकडाची नळी मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात फुटते आणि तिचे लांब टोकदार तुकडे होतात. म्हशीची किंवा रेड्याची नळी फुटत नाही, तिथे उलट कुत्र्याचा दात फुटतो. वरच्या जबड्यात मागे कात्रीच्या पात्यासारखी एक मोठी दाढ असते, ती कठीण हाडावर चिरते. कुत्रं दाढदुखी सांगत नाही. एका बाजूने खातं, डोळ्याखाली सूज येते, तेव्हा आपल्याला कळतं.

नळीचं आणखी एक. करवतीने कापलेली गोल कडी असते ना, आतला मगज खाण्याच्या नादात कुत्रं ती खालच्या जबड्यात अडकवून घेतं. पुढच्या सुळ्यांच्या मागे कडी बसली की निघत नाही, कापून काढावी लागते. आणि मगज म्हणजे निव्वळ चरबी. सवय नसलेल्या कुत्र्याला त्याने जुलाब लागतात, कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं जिवावरचं असतं.

आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे मोठ्या जनावराचं हाड म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं. ते कुणी देत असेल तर बरगडी किंवा मानेचा भाग चालतो, पायाचा नाही.

कोंबडीचं विचाराल तर मोठ्या कुत्र्याला ती देऊच नका. कच्ची मान आणि पंख मऊ असतात हे खरं, पण तो ते चावत नाही, एका घासात गिळतो. शिवाय कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू वरचेवर सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाने २०१८ साली एक अभ्यास छापला. कच्ची कोंबडी, त्यातही माना खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये एक प्रकारचा लुळेपणा येण्याचा धोका खूप वाढतो, असं त्यात दिसलं. आधी मागचे पाय जातात, मग पुढचे. डुकराचं कच्चं हाड तर अजिबात नको, त्यातून जंतही येतात आणि रोगही.

मेलेल्या जनावराचं हाड नको

हे मी मुद्दाम वेगळं सांगते. गोठ्यात जनावर दगावलं की बांधावर ओढून टाकायचं आणि कुत्र्यांनी ओरबाडायचं, हे आपल्याकडे अजून होतं. ते थांबवायला हवं. अचानक मेलेलं जनावर, नाकातोंडातून किंवा गुदातून काळसर रक्त आलेलं, हे फाशी रोगाचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं लक्षण असू शकतं. असं जनावर सोलायचं नाही, फाडायचं नाही. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही होतात. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

रोग नसला तरी मरायच्या आधी त्या जनावराला इंजेक्शनं झालेली असतात. डायक्लोफिनॅक नावाचं वेदनेचं औषध जनावरांना द्यायला भारतात २००६ साली बंदी आली, कारण ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन देशभरातली गिधाडं मेली. आपल्या लहानपणी ओढ्याकाठी दिसणारी गिधाडं का दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हे. म्हणून हाड घ्यायचं ते माणसाच्या खाण्यासाठी कापलेल्या, निरोगी जनावराचं. जे आपण खाल्लं नसतं ते कुत्र्याला द्यायचं नाही.

द्यायचं कसं

हाड त्याच दिवसाचं, ताजं हवं. आपल्याकडच्या उन्हात दोन तासांत वास मारायला लागतं. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे जंतू मरतात असं नाही, त्यांची वाढ मंदावते एवढंच.

भुकेल्या कुत्र्याला हाड देऊ नका. आधी भाकरी, अंडं, जे रोजचं असेल ते खाऊ घाला, अर्ध्या पोटाने तो गिळायला धावत नाही. एकेका कुत्र्याला वेगळं बांधा. दोन कुत्र्यांत एक हाड म्हणजे भांडण ठरलेलं, आणि सोडवायला गेलेल्याला चावा ठरलेला.

पंधरा-वीस मिनिटं, आपण समोर असताना. मग भाकरीचा तुकडा दाखवून हाड सोडवून घ्यायचं. हिसकावायचं नाही. आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दोनदा. जास्त हाड खाल्लं की शी पांढरी, खडूसारखी कोरडी होते. तशी दिसली की समजा प्रमाण वाढलं, वाघ्याच्या पोटातला दगड असाच तयार होतो.

लहान मुलांना त्या वेळी लांब ठेवा. एरवी कुशीत झोपणारं कुत्रंही हाडावर असताना मुलाच्या हाताला धरतं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, कच्चं दिलं की कुत्र्याला रक्ताची चटक लागते आणि ते शेळ्यांवर जातं. तसं नाही. ते हाड त्याच्या मालकीचं वाटतं म्हणून ते गुरगुरतं, शिजलेल्या हाडावरही तसंच गुरगुरतं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. आपलंच कुत्रं होतं म्हणून थांबू नका. आणि कुत्र्याचंही रेबीजचं लसीकरण दर वर्षी करून घ्या.

कुणाला हाड द्यायचंच नाही तेही सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको. मोठ्या जातीच्या पिल्लाला तर जास्त कॅल्शियमच बाधतं, त्याचं शरीर ते बाहेर टाकू शकत नाही आणि वाढत्या पायांची हाडं वेडीवाकडी होतात. ताकद यावी म्हणून पिल्लाला हाडं घालणारे त्याचं नुकसान करतात. दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला नको. आधी एकदा बद्धकोष्ठ झालेल्याला नको, म्हणून वाघ्याला मी आता नुसती मान देते, तीही महिन्यातून एकदोनदा. आणि घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा मोठ्या आजाराची औषधं घेणारं कुणी असेल तर कच्चं मांस-हाड घरात आणूच नका.

कच्चं हाड धरलेले हात साबणाने धुवायचे. त्याचं भांडं वेगळं, ते पिठाच्या परातीजवळ येता कामा नये. उरलेलं हाड उकिरड्यावर फेकायचं नाही. त्या वासाने भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. खड्डा खोल घ्या, वर दगड ठेवा.

अडकलं तर

कुत्रं तोंडावर पंजे मारतंय, लाळ गळतेय, ओकारी काढतंय पण काही पडत नाही, म्हणजे काहीतरी अडकलं. एकाने तोंड उघडून धरा. हाड डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तरच काढा. दिसत नसेल तर बोटं घालू नका, ते आणखी आत जातं. तेल पाजू नका, ते श्वासनळीत गेलं की फुप्फुसात उतरतं. मी पाजलं होतं, ती माझी चूक. मुद्दाम ओकायलाही लावू नका, टोकदार हाड वर येताना अन्ननलिका फाडतं.

दोन दिवस शी नाही, शीत रक्त, पोट कडक, अन्नावर वासना नाही, यातलं काही दिसलं की दवाखाना गाठा. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलं आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील तर सकाळची वाट पाहू नका. त्यात जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि काही तासांत खेळ संपतो. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा फुकट नंबर आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

कलेजीतली पाण्याची पिशवी

आता मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाचं. हे कुत्र्यापेक्षा आपल्याबद्दल आहे.

आमच्या जवळच्या एका गटातल्या ताईंना वर्षभर उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेतल्या. सोनोग्राफीत यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता. "घरी कुत्रा आहे का? बोकड घरी कापता का? आतलं कुत्र्याला घालता का?" तिन्हीचं उत्तर हो होतं.

या गाठीला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. कुत्रं धडधाकट दिसतं. त्याच्या शीतून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात, भाजीवर, त्याच्या अंगावरच्या केसांवर राहतात. शेळी-मेंढी ते गवत खाते आणि तिच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या तयार होतात. ती कापली आणि कलेजी-फुप्फुस कच्चं कुत्र्यापुढे टाकलं, की त्या पिशवीतले बारीक कण कुत्र्याच्या पोटात जाऊन दीड-दोन महिन्यांत पुन्हा कृमी होतात. असा हा फेरा. माणूस त्यात चुकून सापडतो, हातावरून अंडी तोंडात गेली की. मटण खाल्ल्याने हा रोग होत नाही, आणि एका माणसापासून दुसऱ्यालाही होत नाही. गाठ मात्र वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते.

आता सांगा, अंगण कोण झाडतं? कुत्र्याची घाण कोण उचलतं? शेळी कोण चारते, मेथी कोण निवडते? आपणच. म्हणून हे आपल्या कार्यक्रमात सांगायचं.

शहरातल्या कत्तलखान्यात डॉक्टर तपासणी करतात, वस्तीवरच्या कंदुरीत कोण करणार? तेव्हा डोळे उघडे ठेवा. कलेजीत किंवा फुप्फुसात पांढरट, पाण्याने भरलेली, टणक फुग्यासारखी गाठ दिसली तर ती फोडू नका, कुत्र्याला टाकू नका. जाळा, नाहीतर खोल पुरा. गाठ दिसत नसली तरीही आतलं कच्चं कधीच घालायचं नाही. घालायचंच तर लहान तुकडे करून निदान अर्धा तास खळखळ उकळा. सीन्याच्या फळीला आतून फुप्फुसाचे, कलेजीचे तुकडे चिकटलेले असतात, ते मटणवाल्याकडूनच काढून घ्या. फ्रिजरवर विसंबू नका. या पिशव्या मरायला उणे अठरा-वीस अंशांची थंडी आठवड्याहून जास्त लागते, आणि आपल्याकडे लाइट किती वेळ असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

कुत्र्याला जंताचं औषध द्या. साध्या जंताच्या गोळीने हा कृमी मरेलच असं नाही, प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. ते वजन पाहून द्यायचं असतं, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या. किती महिन्यांनी परत द्यायचं तेही तेच सांगतील. मेंढ्यांच्या भागात दर तीन महिन्यांनी द्यावं लागतं, कधी त्याहूनही लवकर. औषधानंतरच्या दोन-तीन दिवसांची शी उचलून पुरा.

हे जमणारं काम आहे का? जमतं. उत्तरेला आइसलँड म्हणून मेंढपाळांचा देश आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे घरोघरी ही गाठ असायची. १८६०च्या दशकात हाराल्ड क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने साध्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली, ती घरोघरी वाटली गेली. आतलं कच्चं कुत्र्याला घालू नका, कुत्र्याला जंताचं औषध द्या, असा सल्ला त्यात होता. पुढे कायदे झाले. आज तिथे हा रोग नाही. न्यूझीलंड हाही मेंढ्यांचा देश. तिथे कुत्र्यांना कच्चं आतलं घालायला बंदी घातली आणि २००२ साली देश जवळजवळ रोगमुक्त जाहीर झाला. त्यांनी केलं ते आपल्या अंगणात होण्यासारखंच आहे.

गटात काय करता येईल

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. मासिक बैठकीच्या तारखेलाच सगळ्या वस्तीच्या कुत्र्यांचं औषध, म्हणजे विसर पडत नाही. तीन महिन्यांतून एकदा, गोळीचे पैसे ज्याचे त्याने. कंदुरी किंवा लग्न असेल तिथे आचाऱ्याच्या शेजारी झाकणाची बादली, त्यात सगळी शिजलेली हाडं. कार्यक्रम संपला की खड्ड्यात. आणि कापणीच्या जागी एक बाई उभी, आतलं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणून. पहिल्यांदा पुरुष मंडळी हसली. आता बादली नसली की तेच विचारतात.

आपल्या पारनेर तालुक्यातल्या कोरठण खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्या आपण. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, त्याला आपण हात जोडतो. दारातल्या कुत्र्याला हात जोडायची गरज नाही, पण त्याच्या पुढ्यात काय टाकतो ते बघायची आहे. वाघ्या आता बाहेर पडवीत झोपलाय. शेजारच्या ताईंनी दुसरी शेळी घेतली, तिला दोन करडं झालीत. रात्री तो भुंकला की त्या आधी उठतात.

तुमच्याकडे कुत्र्याला काय घालता, काही अडचण आली असेल तर केंद्रावर फोन करून नक्की सांगा. पुढच्या कार्यक्रमात पावसाळ्यातल्या शेळ्यांच्या लसींबद्दल बोलू. नमस्कार.